लॉख गार्टनचे घरटे: ऑस्प्रेच्या संसारावरील पहाऱ्याची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील पक्षिनिरीक्षकाला ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी ठाऊक असतो तो हिवाळी पाहुणा म्हणून. उजनी वा जायकवाडीच्या जलाशयावर किंवा कोकणातल्या एखाद्या खाडीवर तो बहुधा एकटाच दिसतो, पाण्यावर घिरट्या घालतो आणि पाय पुढे काढून मासळीवर झेपावतो. घरटे मात्र तो येथे करीत नाही. त्यामुळे त्याचा संसार पाहायचा झाल्यास आपल्याला परदेशातील घरट्यांवर लावलेल्या कॅमेऱ्यांचाच आधार घ्यावा लागतो. त्यांपैकी ब्रिटनमधील घरट्यांमागे चोरी, पहारा आणि एका धाडसी निर्णयाचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये ऑस्प्रेचा जो नाश झाला, त्याला त्याच्या सवयींनीच हातभार लावला. हा पक्षी झाडाच्या शेंड्यावर, उघड्यावर, काटक्यांचे भलेमोठे घरटे रचतो आणि वर्षानुवर्षे त्याच घरट्याकडे परत येतो, त्यामुळे ते शोधण्यास फारसे कष्ट पडत नसत. ट्राउट आणि सामन मासे राखणाऱ्या जमीनदारांना तो नको होता, तर तांबूस-तपकिरी ठिपक्यांच्या त्याच्या अंड्यांवर संग्राहकांचा डोळा होता. लॉख अन आइलेन या सरोवरातील पडक्या किल्ल्यावरचे घरटे लुटण्यासाठी लोक थंडगार पाण्यातून पोहत जात. पक्षी जसजसा दुर्मीळ होत गेला तसतसे त्याच्या अंड्यांचे मोलही वाढत गेले, आणि हे दुष्टचक्र शेवटचे घरटे रिकामे होईपर्यंत थांबले नाही. 1916 नंतर तेथे त्याच्या विणीची खात्रीलायक नोंद उरली नाही.

1954 मध्ये स्पे नदीच्या खोऱ्यात, लॉख गार्टन सरोवराच्या परिसरात, एका जोडीने पुन्हा पिल्ले वाढवली. हे पक्षी स्कँडिनेव्हियाकडून आले असावेत, असे मानले जाते. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पक्षिसंरक्षणाचा नवा कायदाही झाला. पण अंडीचोरांना कायद्याचे भय नव्हते आणि पुढील काही हंगाम वाया गेले. म्हणून रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स या संस्थेने स्कॉटलंडमधील आपले प्रमुख जॉर्ज वॉटरस्टन यांच्या पुढाकाराने घरट्याभोवती रात्रंदिवस पहारा बसवला. तरीही 1958 च्या जूनमध्ये, पहारेकरी जागे असताना, एक चोर अंधाराचा फायदा घेऊन झाडावर चढलाच. तो निसटला, पण नंतर ऑस्प्रेची अंडी झाडाखाली फुटलेली सापडली आणि घरट्यात त्यांच्या जागी बुटाच्या तपकिरी पॉलिशने रंगवलेली कोंबडीची अंडी आढळली. इतक्या थंड डोक्याने केलेल्या चोरीपुढे केवळ गुप्तता अपुरी पडणार, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे 1959 मध्ये, अंड्यांतून तीन पिल्ले बाहेर आली तेव्हा वॉटरस्टन यांनी प्रचलित शहाणपणाच्या अगदी उलट पाऊल उचलले. दुर्मीळ पक्ष्याचे ठिकाण लपवून ठेवावे, हा तोवरचा शिरस्ता होता. त्यांनी ते ठिकाण जाहीर करून लोकांना पाहण्यासाठी बोलावले. ठरावीक अंतरावरील आडोशातून, दुर्बिणीतून, त्या एका उन्हाळ्यात सुमारे 14,000 लोकांनी ते कुटुंब पाहिले. माझ्या मते ब्रिटनमधील निसर्गसंरक्षणाच्या इतिहासात इतका दूरगामी परिणाम करणारे निर्णय मोजकेच आहेत, कारण आतापर्यंत काही जाणकारांपुरता असलेला पक्षी त्यामुळे सामान्य माणसाच्या जिव्हाळ्याचा झाला आणि स्वयंसेवकांची उणीव पुढे कधी भासली नाही.

त्या आडोशातून लोकांना जे दिसले ते खरोखर खिळवून ठेवणारे होते. मादी साधारणपणे दोन ते तीन अंडी घालते आणि ती सुमारे 37 दिवस उबवली जातात. त्यातले बरेचसे काम तीच करते. नर मासा आणतो तो बहुधा डोक्याकडून थोडा खाऊनच, आणि उरलेला मादीच्या स्वाधीन करतो. मग ती पंजाखाली दाबलेल्या त्या माशाचे बारीक लचके तोडून, मान तिरपी करून, पिल्लाच्या चोचीत अलगद भरवते. अंडी एकाच दिवशी फुटत नसल्यामुळे थोरले पिल्लू धाकट्यापेक्षा दांडगे असते, आणि मासळी कमी पडली तर धाकट्याची उपासमार होते. सुमारे सात-आठ आठवड्यांत पिल्ले उडू लागतात. उन्हाळा सरत आला की बहुधा मादी आधी निघून जाते, नर काही दिवस पिल्लांना मासे पुरवत राहतो, आणि मग प्रत्येक जण एकेकटा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जातो. महाराष्ट्रात येणारे ऑस्प्रे मात्र आशियाच्या उत्तरेकडील भागांतून येतात.

ब्रिटनमधील ऑस्प्रेंच्या संख्येची वाढ मात्र मंदच होती. डीडीटीसारख्या कीटकनाशकांमुळे अंड्यांची कवचे पातळ होण्याचे संकट त्या दशकांत उत्तर अमेरिकेतील ऑस्प्रेंवर फार मोठे कोसळले आणि ब्रिटनमधील शिकारी पक्ष्यांनाही त्याची झळ लागली. पुढे 1996 पासून स्कॉटलंडमधील पिल्ले इंग्लंडमधील रटलंड वॉटर या जलाशयाकाठी आणून सोडण्यात आली आणि 2001 मध्ये तेथे पहिली वीण झाली. त्याच वर्षी इंग्लंडच्याच लेक डिस्ट्रिक्ट या सरोवरांच्या प्रदेशात एक जोडी आपण होऊन विणीला बसली, तर 2004 मध्ये वेल्सनेही ऑस्प्रेची पिल्ले पाहिली.

दरम्यान आडोशाच्या जोडीला कॅमेरा आला. स्कॉटलंडमधील डंकेल्डजवळच्या लॉख ऑफ द लोज या सरोवराकाठी 1991 ते 2014 या काळात विणीला येत राहिलेल्या एका मादीने 71 अंडी घातली आणि तिची सुमारे 50 पिल्ले उडाली. 2010 मध्ये ती घरट्यातच निपचित पडली तेव्हा देशोदेशींच्या प्रेक्षकांनी ते थेट प्रक्षेपणात पाहिले आणि ती सावरली तेव्हा त्यांचाही जीव भांड्यात पडला.

पहाऱ्याची गरज मात्र सरलेली नाही. 1986 मध्ये खुद्द लॉख गार्टनच्या घरट्याच्या झाडावर करवत चालवली गेली होती. एप्रिल 2021 च्या अखेरीस वेल्समधील लिन ब्रेनिग जलाशयातील घरट्याचा आधारखांब रात्रीच्या वेळी यांत्रिक करवतीने कापण्यात आला, तेव्हा त्या घरट्यात त्या हंगामातले पहिले अंडे होते.