स्मृतिभ्रंशातील अस्वस्थता : गोळीच्या आधी दुखणे शोधायला हवे

दिवस मावळू लागला की स्मृतिभ्रंश झालेल्या कित्येक वृद्धांची घालमेल सुरू होते. एखाद्या आजी दाराची कडी पुन्हा पुन्हा हलवून पाहतात, ‘मला घरी जायचंय’ असा हट्ट धरतात, आणि ‘आई, तू घरातच आहेस’ असे समजावणाऱ्या मुलीला न ओळखता ढकलून देतात. एखादे आजोबा अंगातला सदरा काढू लागताच हात उगारतात. विसरण्याशी घरचे लोक हळूहळू जुळवून घेतात; पण हा संशय, हा आरडाओरडा आणि रात्रीची जागरणे त्यांना पार थकवून टाकतात. मग एक दिवस ते डॉक्टरांना सांगतात की काहीही द्या, पण यांना शांत करा. त्यांच्या जागी कोणीही असता तरी हेच म्हणाला असता. मात्र अशा वेळी जी गोळी बहुधा लिहून दिली जाते, तिच्याविषयी गेल्या दोन दशकांत जे संशोधन झाले ते प्रत्येक घरापर्यंत पोहोचायला हवे, असे मला मनापासून वाटते.

ही गोळी अँटीसायकोटिक, म्हणजे मनोविकारविरोधी गटातली असते. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिनपासून या औषधांचा वापर सुरू झाला तो स्किझोफ्रेनियासारख्या आजारांसाठी, आणि तिथे त्यांनी असंख्य माणसांचे आयुष्य सावरले, हे आधीच सांगितले पाहिजे. मेंदूतील डोपामाइन या रसायनाच्या कामाला ती आळा घालतात, त्यामुळे भास आणि भ्रम ओसरतात. १९९० च्या दशकात रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन ही नवी औषधे आली. हात थरथरणे, शरीर ताठरणे हे जुन्या औषधांचे त्रास त्यांच्यात कमी दिसत असल्यामुळे ती वृद्धांनाही मानवतील असे समजले गेले आणि स्मृतिभ्रंशातल्या चिडचिडीवर ती सर्रास दिली जाऊ लागली.

हा समज चाचण्यांच्या आकड्यांपुढे टिकला नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर झालेल्या रिस्पेरिडोनच्या चार चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा मेंदूचा रक्तपुरवठा बिघडण्याचे प्रकार, म्हणजे पक्षाघात किंवा त्याच्या जवळ जाणारे झटके, औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्के लोकांना आले होते. औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २ टक्के होते. पक्षाघाताच्या या धोक्यामुळे २००४ मध्ये ब्रिटनमधील तज्ज्ञ समितीने रिस्पेरिडोन आणि ओलान्झापिन स्मृतिभ्रंशातील वर्तनाच्या तक्रारींसाठी वापरू नयेत असे कळवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने १७ चाचण्या पडताळून आणखी गंभीर इशारा दिला. साधारण दहा आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण ४.५ टक्के, तर न घेणाऱ्यांतील २.६ टक्के होते, आणि बहुतेक मृत्यू हृदयविकाराने किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गाने झाले होते. २००८ मध्ये हाच इशारा जुन्या औषधांनाही लागू झाला.

शंभरांत दोन ही वाढ ऐकायला लहान वाटते. ती किती मोठी आहे हे २००९ साली ब्रिटनच्या सरकारसाठी तयार झालेल्या एका अहवालातून दिसते. तिथे वर्षाला स्मृतिभ्रंश असलेल्या सुमारे १ लाख ८० हजार लोकांना ही औषधे मिळत होती. त्यांपैकी सुमारे ३६ हजार जणांना काही ना काही फायदा होत असावा, आणि त्याच्या बदल्यात सुमारे १,६२० जणांना मेंदूच्या रक्तपुरवठ्याचे जादा आघात होत असावेत व सुमारे १,८०० जादा मृत्यू ओढवत असावेत, असा तो अंदाज होता. म्हणजे पाचांपैकी चार जण फायद्याविनाच धोका पत्करत होते.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या १ लाख ७३ हजार ९१० लोकांच्या वैद्यकीय नोंदी तपासण्यात आल्या. ही औषधे घेणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून थोडा जास्त, मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचा सुमारे १.७ पट आणि पक्षाघाताचा सुमारे १.६ पट आढळला. औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काळात हा धोका सर्वांत जास्त होता. अशा अभ्यासात एक मेख असते. ज्याला गोळी द्यावी लागली तो माणूस आधीच अधिक आजारी असू शकतो, किंवा त्याची अस्वस्थता ही सुरू झालेल्या न्यूमोनियाचीच खूण असू शकते, त्यामुळे सगळा दोष औषधाच्या माथी मारता येत नाही. पण चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्यांत ही अडचण नसते, आणि पक्षाघाताचा वाढीव धोका त्यांतही दिसला होता.

धोका वाढण्याचे एकच कारण नाही. यांतल्या बऱ्याच औषधांनी उठून उभे राहताना रक्तदाब एकदम उतरतो. गुंगीमुळे माणूस पाणी कमी पितो, हालचाल मंदावते आणि पायांच्या शिरांमध्ये गुठळी होण्याची शक्यता वाढते. गिळण्याची क्रिया ढिली पडली की घास किंवा लाळ श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनियाला वाट मिळते. त्यातच स्मृतिभ्रंश झालेल्या अनेकांच्या मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या आधीपासूनच खराब असतात, त्यामुळे निरोगी मेंदू जो चढउतार सहज सोसतो तो या मेंदूला झेपत नाही. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर या औषधांनी शरीर अचानक ताठरणे, शुद्ध हरपणे अशी तीव्र प्रतिक्रिया उमटू शकते. हे भास होणारेच रुग्ण असतात, आणि भासांवर म्हणूनच त्यांना ही गोळी दिली जाण्याचा संभव अधिक असतो.

याचा अर्थ ही औषधे कधीच देऊ नयेत असा नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू लागला, किंवा भासांनी भेदरून गेला, तर ती द्यावीही लागतात. २००४ च्या त्या सूचनेनंतर ब्रिटनमध्ये रिस्पेरिडोनला अल्झायमरमधील आक्रमकतेसाठी पुढे जी मर्यादित परवानगी मिळाली ती जास्तीत जास्त सहा आठवड्यांची आहे. प्रत्यक्षात अशी गोळी महिनोन्‌महिने चालू राहते, कारण ती बंद करण्याची तारीख ठरवलेलीच नसते. तिथल्याच वृद्धाश्रमांतील १६५ रुग्णांच्या एका चाचणीत निम्म्या लोकांची औषधे चालू ठेवली आणि निम्म्यांची बदलून नुसती गोळी दिली. दोन वर्षांनी औषध चालू असलेल्यांपैकी ४६ टक्के, तर बंद केलेल्यांपैकी ७१ टक्के लोक हयात होते. तरीही कोणी घरच्या घरी गोळी एकदम थांबवू नये. डॉक्टरांना विचारूनच मात्रा हळूहळू उतरवायची असते.

मग घालमेलीचे करायचे काय? ज्याला शब्द सापडत नाहीत त्याचे दुखणे वागण्यातून बाहेर पडते, हे धरून चालले तर शोधायला पुष्कळ काही असते. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, भूक, किडलेला दात, नीट न बसणारी कवळी, बिघडलेले श्रवणयंत्र, एकटेपणा आणि खोल उदासी यांपैकी काहीही चिडचिडीच्या मुळाशी असू शकते. उदासीवर नेहमीच्या गोळ्या अल्झायमरमध्ये फारशा चालत नाहीत. सर्ट्रालिन आणि मिर्टाझापिन या दोन्ही औषधांचा परिणाम २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. तिथे सोबत आणि दिवसभराचा काही उद्योग यांनाच आधी जागा द्यावी लागते.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते ते वेदनेकडे. नॉर्वेमध्ये बेटिना हुसेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ वृद्धाश्रमांतील ३५२ लोकांवर केलेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. या लोकांची निवड दुखण्यावरून नव्हे, तर त्रासदायक वागण्यावरून झाली होती. वेदना बोलून सांगता येत नसेल तर ती पाहून ओळखता येते : मूठ उघडताना, हात डोक्याकडे नेताना, अंथरुणात कूस बदलताना कपाळावर आठी येते का, तोंडातून हुंकार निघतो का, माणूस हात झटकन मागे घेतो का. एका गटाला वेदनाशामक औषधे पायरीपायरीने दिली. त्यांतल्या बहुतेकांना मिळाले ते साधे पॅरासिटामॉल. आठ आठवड्यांनी त्या गटाची अस्वस्थता नेहमीची देखभाल मिळालेल्या गटापेक्षा सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाली होती. त्यानंतर वेदनाशामके थांबवली, आणि पुढच्या चार आठवड्यांत ती अस्वस्थता पुन्हा वाढू लागली.