साखरेआधीची खूण: मधुमेह आणि नॉनकोडिंग आरएनए

मधुमेहाचं निदान आजही साखरेवरच होतं. उपाशीपोटी दर डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, नाहीतर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी चाचणी) ६.५ टक्के किंवा वर. हे आकडे चांगले आहेत, पण उशिरा बोलतात. साखर चढते तोवर स्वादुपिंडातल्या बीटा पेशी बऱ्याच थकलेल्या असतात. त्याआधी सुगावा लागेल का, या प्रश्नातून संशोधक आरएनएकडे, म्हणजे पेशीत डीएनएवरून उतरवल्या जाणाऱ्या रेणूंकडे वळले.

सुरुवात मात्र मधुमेहातून झाली नाही. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेत जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत २२ अक्षरांचा आरएनए सापडला. त्यापासून प्रथिन बनत नव्हतं, म्हणजे तो नॉनकोडिंग होता. तो दुसऱ्याच जनुकाचं प्रथिन बनणं रोखत होता. पुढची सात वर्षं हा त्या कृमीचाच विक्षिप्तपणा मानला गेला. २००० मध्ये गॅरी रुव्हकुन यांच्या गटाला दुसरा असा रेणू मिळाला आणि तो माणसातही निघाला. दोघांना नोबेल मिळायला २०२४ उजाडलं.

मधुमेहाशी धागा जुळला २००४ मध्ये. एमआयआर-३७५ हा मायक्रोआरएनए (अशा आखूड आरएनएंना हेच नाव पडलं) स्वादुपिंडाच्या बेटांमध्ये, म्हणजे बीटा पेशी असलेल्या पुंजक्यांमध्ये भरपूर असतो आणि वाढला की इन्शुलिनचा स्राव घटतो, असं दिसलं. २००८ मध्ये आणखी एक नवल समोर आलं: असे रेणू रक्तद्रवातही टिकून राहतात. एरवी रक्तातली विकरं मोकळ्या आरएनएचा फडशा पाडतात. हे मात्र प्रथिनांना चिकटून किंवा सूक्ष्म पुटिकांत (पेशींनी सोडलेल्या इवल्या पिशव्यांत) दडून वाचतात. २०१० मध्ये इटलीतल्या ब्रुनिको गावच्या ८००हून अधिक रहिवाशांचे १९९५ सालचे साठवलेले नमुने तपासले गेले. टाइप २ मधुमेह्यांत एमआयआर-१२६ कमी होता, आणि पुढे आजार जडलेल्या काहींत तो आधीपासूनच घटलेला होता.

इथून शोधनिबंधांचा पूर आला. लांब आरएनए आले, वर्तुळाकार आले. मधुमेहाची खूण म्हणून सुचवलेल्या आरएनएंच्या याद्या मात्र एकमेकींशी जुळेनात. माझ्या मते खरी गोम रक्ताच्या नळीत होती. रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या की रक्तद्रवावर गुलाबी झाक येते आणि त्यांच्यातले एमआयआर-४५१ व एमआयआर-१६ बाहेर सांडतात. गंमत अशी की अनेक अभ्यासांत एमआयआर-१६ हाच तुलनेचा आधार होता. म्हणजे मोजपट्टीच ताणली जात होती. रक्त गोठू न देणारं हेपारिन नळीत असेल, तर आरएनए मोजणारा पीसीआर अडखळतो. एमआयआर-१२६ची कथा त्याहून अवघड: तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येतो तसा प्लेटलेटमधूनही येतो. मधुमेही अनेकदा प्लेटलेटवरची औषधं घेतात आणि त्यांनीही तो घटतो. मग घट आजाराची की गोळीची?

आता अनेक प्रयोगशाळा आधी एमआयआर-४५१ आणि तांबड्या पेशींमुळे फारसा न बदलणारा एमआयआर-२३ए यांचं गुणोत्तर काढतात. ते फार चढलेलं असेल, तर नमुना बाजूला ठेवला जातो.