कथा-कादंबरीवरच्या स्वतःच्या समीक्षालेखाचं पुनर्लेखन

एखाद्या कथेवर किंवा कादंबरीवर आपणच लिहिलेला लेख काही दिवसांनी परत काढायचा, मूळ पुस्तक शेजारी उघडून ठेवायचं आणि आपण केलेलं विधान त्या पुस्तकात खरंच टिकतंय का हे बघत लेख नव्याने लिहायचा, याला पुनर्लेखन म्हणतात. ऱ्हस्व-दीर्घ बघणं हा त्यातला सगळ्यात शेवटचा आणि छोटा भाग. खरं काम पुस्तकाकडे परत जाण्याचं असतं, आणि नेमकं तेच टाळलं जातं, कारण पहिला ड्राफ्ट झाला की पुस्तक लायब्ररीत परत गेलेलं असतं.

सांगली जिल्ह्यात यासाठी चांगली उदाहरणं घरचीच आहेत. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे, त्यांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची, आणि गोष्ट औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीची. आता या कादंबरीवर लिहिताना पहिल्या ड्राफ्टमध्ये हमखास येणारं वाक्य म्हणजे ‘ही दुष्काळाची कादंबरी आहे’. माणदेश म्हटलं की दुष्काळ डोक्यात आधीच असतो ना. पण पुस्तक परत वाचलं की दिसतं, दुष्काळ येतो तो शेवटाकडे, त्याआधी कितीतरी पानं शाळा, कारभारी, आनंदा रामोशी, तालमीचं बांधकाम यांतच गेलेली असतात. मग तो मुद्दा बदलावाच लागतो: बाहेरून आलेला तरुण मास्तर हळूहळू वाडीचा होत जातो आणि तो तिथला झाल्यावरच दुष्काळ वाडी मोडतो, म्हणून ते मोडणं एवढं लागतं. हा मुद्दा पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, आणि तो परत वाचल्याशिवाय सुचत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे निवेदक आणि लेखक एकच धरणं. वि. स. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, १८९८ चा, आणि त्यांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतःच सांगतात. तिथे ययातीचं वाक्य उचलून ‘खांडेकर म्हणतात’ असं लिहिलं की अख्खा परिच्छेद घसरतो, कारण तीच घटना देवयानीच्या तोंडून वेगळी ऐकू येते. पुनर्लेखनात प्रत्येक अवतरणापाशी थांबायचं आणि विचारायचं, हे कोण बोलतंय, कुणाला, आणि त्याला स्वतःला यातून काय लपवायचंय.

कथानक किती सांगायचं याला एक सोपी परीक्षा आहे. परिच्छेदातली क्रियापदं बघायची. गेला, आला, म्हणाली, मेला अशीच सगळी असतील तर तिथे नुसती गोष्ट सांगून झालीये, विश्लेषण झालेलं नाही. तसा परिच्छेद दोन ओळींवर आणायचा आणि उरलेल्या जागेत लेखकाने ती घटना त्याच ठिकाणी, त्याच माणसाच्या नजरेतून का सांगितली ते लिहायचं. प्रिंट काढून प्रत्येक परिच्छेदासमोर समासात त्याचा मुद्दा एका ओळीत लिहून बघितला तरी बरंच कळतं, एकच ओळ दोनदा आली की एक परिच्छेद जातो, ओळच सुचली नाही तर तोही जातो. आवडलेलं वाक्य काढायला जीवावर येतं, ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवावं, पुढच्या लेखात कामी येतं.

बऱ्याचदा खरा मुद्दा शेवटच्या परिच्छेदात सापडतो, कारण लिहिता लिहिताच तो कळलेला असतो. तो उचलून सुरुवातीला आणला की मधलं सगळं त्याच्या दृष्टीने परत लावावं लागतं आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. आपल्या विरोधात जाणारं पान मुद्दाम शोधणंही यातच येतं, ते लेखात घेऊन त्याला उत्तर दिलं तर वाचणाऱ्याला लेखावर भरवसा ठेवता येतो.

शेवटी मोठ्याने वाचायचं, मग शुद्धलेखन, आणि अवतरणं पुस्तकाशी अक्षरन् अक्षर जुळवून पान क्रमांक टाकायचे, कुठली आवृत्ती वापरली तेही लिहायचं, कारण आवृत्ती बदलली की पानं बदलतात.