मिनिमम ड्यू (क्रेडिट कार्ड)

मिनिमम ड्यू म्हणजे क्रेडिट कार्डच्या बिलात टोटलच्या खाली छापलेली ती छोटी रक्कम, जी ड्यू डेटपर्यंत भरली की लेट फी लागत नाही आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, डिफॉल्ट पडत नाही, बास, एवढंच तिचं काम. व्याज तिनं थांबत नाही. साधारण एकूण थकलेल्या बाकीच्या 5 टक्के असते, वर ईएमआय वगैरे चालू असेल तर तो धरून.

कोल्हापुरात हे बऱ्याचदा दिवाळीला सुरू होतं, गुजरीत दागिना नाहीतर राजारामपुरीत मोबाईल घेताना कार्ड घासायचं आणि उसाचं बिल आलं की एकदम भरू, तोवर मिनिमम मारू म्हणायचं. कायद्यानं ऊस घातल्यावर 14 दिवसांत बिल मिळायला पाहिजे, प्रत्यक्षात कधी मिळतं ते शेतकऱ्याला विचारा, कार्डाचं व्याज मात्र रोजच्या रोज चढतं.

ढोबळ हिशोब बघा. बाकी 50,000, व्याज महिन्याला 3.5 टक्के म्हणजे वर्षाला 42, नवीन खरेदी शून्य. पहिल्या महिन्याचं व्याज 1,750, त्यावर 18 टक्के जीएसटी 315, आणि हे दोन्ही बाकीत धरून 5 टक्के मिनिमम येते 2,600 च्या आसपास, म्हणजे मुद्दल उतरलं जेमतेम 540. वर्षभर असंच चाललं तर साडेएकोणतीस हजाराच्या आसपास भरूनसुद्धा जवळजवळ 44 हजार शिल्लकच! बाकी निम्म्यावर यायलाच पाच वर्षं उलटतात, कारण बाकी घटली की मिनिमम पण घटते. तेच महिन्याला फिक्स 5,000 भरले तर 14 महिन्यांत विषय संपतो.

खरी मेख वेगळीच आहे. मागची बाकी राहिली की बिनव्याजी मुदत जाते, मग पेट्रोल, किराणा, जे काय घासाल त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. हे दुकानात कोण सांगत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनी बिलात नुसती मिनिमम भरत राहण्याबद्दलचा इशारा छापणं सक्तीचं केलंय, आणि मिनिमम भरूनही बाकी उलट वाढत जाईल अशी ती ठरवायची नाही असंही सांगितलंय. दरावर मात्र लगाम नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 मध्ये वर्षाला 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2024 मध्ये रद्द केली.