देह न सापडलेल्याचं सुतक

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. काहींचे देह किनाऱ्याला लागले, अनेकांचे लागलेच नाहीत. ज्याचा देह मिळाला त्याचे दिवस लगेच धरता येतात. बाकीच्यांचे कधीपासून धरायचे? कोकणपट्टीत हा प्रश्न त्या बोटीपेक्षा खूप जुना आहे.

हिंदूंकडे यावर पालाशविधी आहे. पळसाचे ३६० देठ घेऊन दर्भावर माणसाची आकृती मांडतात. डोक्याला ४० देठ, वर नारळ. उरलेले मान, छाती, हात, मांड्या असे वाटून दिलेले. मग तिलाच मंत्राग्नी. तिथी ठाऊक नसेल तर त्या महिन्याची अमावास्या धरतात. गोंधळ होतो तो वाट पाहण्यात. मरण नक्की असून देह मिळाला नाही, तर थांबायचं कारण नाही. माणूस नुसताच बेपत्ता असेल, तर धर्मनिबंध, म्हणजे धर्मशास्त्राचे जुने संग्रहग्रंथ, साधारण बारा वर्षं थांबायला सांगतात. होडी डोळ्यांदेखत उलटली असतानाही घरचे बारा वर्षांचा नियम लावून बसतात, ती गल्लत. आणि दाह झाल्यावर माणूस परत आला तर? त्याला तुपात न्हाऊ घालून जातकर्मापासून, म्हणजे जन्माच्या संस्कारापासून, सगळे संस्कार पुन्हा करायचे, स्वतःच्याच बायकोशी लग्नसुद्धा. शास्त्रकारांनी हा प्रसंगही विचारात घेतला होता, म्हणजे असे लोक परत येत असणार.

कोकणी मुसलमान शाफिई पंथाचे. शाफिई आणि हनफी हे सुन्नींतले धर्मशास्त्राचे दोन पंथ. देशातले बहुतेक सुन्नी हनफी असताना इथे शाफिई, कारण हा समाज अरबी समुद्रावरच्या व्यापारातून घडला. हनफींत मय्यत, म्हणजे मृतदेह, समोर नसेल तर जनाज्याची (अंत्यविधीची) नमाज होत नाही. शाफिईंत गायबाना, म्हणजे देह समोर नसताना केलेली, नमाज चालते. तोंड किब्ल्याकडे (मक्केच्या दिशेला), चार तकबीर (‘अल्लाहु अकबर’चा उच्चार), पहिल्यानंतर फातिहा (कुराणाचा पहिला अध्याय), रुकू-सजदा (वाकणं, डोकं टेकणं) नाही. आफ्रिकेत किंवा आखातात वारलेल्यासाठी ही सोय फार मोलाची. बुडालेल्याच्या बाबतीत मात्र अडतं. नमाजेआधी गुस्ल, म्हणजे देहाला विधिवत आंघोळ, झालेला हवा, अशी अट आहे. परदेशी वारलेल्याला तिथे तो मिळतो. समुद्रात राहिलेल्याला कोण देणार? म्हणून जुनं मत नमाजेला नकार देतं, नंतरच्या काही उलेमांनी (धर्मपंडितांनी) मोकळीक दिली. बुडून मेलेला शहीद गणला जातो, हे मात्र सगळेच मानतात.

बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, तर सुरुवातच फुटलेल्या गलबतापासून सांगितली जाते. अलिबागजवळ नवगावला सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. किनाऱ्याला लागलेले देह तिथेच दोन मोठ्या ढिगांखाली पुरले, पुरुष एकात, स्त्रिया दुसऱ्यात, अशी परंपरा. देह मिळालाच नाही तर ज्यू धर्मशास्त्र सात दिवसांचा शोक, शिव्हा, शोध घेणाऱ्यांनी आशा सोडली त्या दिवसापासून मोजतं. बायकोबाबत ते कठोर आहे. ज्याचे सगळे काठ दिसतात अशा तळ्यात नवरा बुडाला तर तिची सुटका आहे. काठ न दिसणाऱ्या पाण्यात, म्हणजे समुद्रात, तो गेला तर साक्षीपुराव्याशिवाय तिला दुसरं लग्न करता येत नाही. न जाणो, तो कुठे दुसऱ्या किनाऱ्याला लागला असेल!

वसईपासून खाली कॅथलिकांकडे प्रश्न सोपा: देहाशिवायही मिस्सा (चर्चमधली प्रार्थनाविधी) होते, आणि २ नोव्हेंबरला सगळ्याच मृतांसाठी प्रार्थना असते.

कायद्याने मोजणी आणखी वेगळी. माणसाची काहीच खबर नसेल तर तो मेला असं धरायला १८७२ च्या पुरावा कायद्यात सात वर्षं होती, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तीच आहेत. मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या कायद्याने, नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर, घटस्फोट मागता येतो. सात वर्षं झाली म्हणजे मृत्यूचा दाखला आपोआप हातात पडेल, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. कायदा फक्त ‘मेला असावा’ एवढं धरतो, कधी मेला ते नाही. दाखल्यासाठी बेपत्ता झाल्याची पोलिसांतली नोंद तेव्हाच केलेली असावी लागते, आणि सहसा दिवाणी न्यायालयातून घोषणा मिळवावी लागते. घरात तोवर सात वर्षश्राद्धं झालेली असतात, अमावास्येची तिथी धरून.