दोनशे जीबीसाठी एवढा पसारा कशाला?

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कोल्हापुरात हे आकडे कुणाला सांगावे लागत नाहीत. उद्यमनगरातल्या एखाद्या कारखान्याचा हिशेब आणि ड्रॉइंग मिळून २०० जीबी असतील, तर ते वाचवायला मोठ्या कंपन्यांसाठी बनलेलं बॅकअप सॉफ्टवेअर हवं, हा समज मात्र चुकीचा आहे.

या सॉफ्टवेअरचा जीव म्हणजे डीड्युप्लिकेशन, तोच मजकूर दोनदा न साठवणं. कल्पना खरोखर देखणी आहे. फाइलचे तुकडे करायचे आणि एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने प्रत्येकाचा ३२ बाइटचा ठसा, म्हणजे ओळखीचा आकडा, काढायचा. ठसा यादीत आधीच असेल तर तुकडा पुन्हा लिहायचा नाही. पण तुकडे ठरावीक मापाचे असले, तर फाइलच्या सुरुवातीला एक अक्षर वाढताच पुढच्या साऱ्या सीमा सरकतात आणि ठसे बदलतात. म्हणून सीमा मजकूरच ठरवतो. काही बाइटची खिडकी एकेक बाइट पुढे सरकवायची आणि तिच्यातल्या बाइटांवरून एक आकडा काढत राहायचा. बाहेर पडलेला बाइट वजा करायचा, आत आलेला मिळवायचा. त्या आकड्याचे शेवटचे १३ बिट (०-१ चे अंक) शून्य आले की तिथं कापायचं. २ चा १३ वा घात ८,१९२, म्हणून तुकडा सरासरी ८ केबीचा पडतो. आता अक्षर वाढलं तरी एखाददुसरा तुकडाच बदलतो.

या तंत्राची खरी किंमत ठशांच्या यादीत मोजावी लागते. एका टीबीचे असे सुमारे १३.४ कोटी तुकडे, नुसते ठसेच ४ जीबी. ही यादी वेगळ्या डेटाबेसात राहते आणि तिचाही बॅकअप लागतो. ती गेली की डिस्कवर उरतो निनावी तुकड्यांचा ढीग. काही सॉफ्टवेअर तो वाचून यादी पुन्हा बांधतात, पण त्यात वेळ जातो. एक सामाईक तुकडा बिघडला, तर त्यावर टेकलेल्या सगळ्या प्रती बिघडतात. शिवाय झिप केलेल्या फाइलींत सारखे तुकडे फारसे सापडतच नाहीत. एकच विंडोज असलेल्या शेकडो व्हर्च्युअल मशीनना, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकांना, हे तंत्र शोभतं.

आपला हिशेब बघा. सेकंदाला १०० एमबी वेगाने २०० जीबीची प्रत साधारण ३५ मिनिटांत होते, लहान फाइली खूप असल्या तर जास्त वेळ लागतो. ४ टीबीच्या डिस्कवर अशा १८ पूर्ण प्रती मावतात.

अशा तीन डिस्क आलटून पालटून वापरा. एक नेहमी पुराचं पाणी न येणाऱ्या भागातल्या घरी. कॉपीआधी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर सगळ्या संगणकांवर बंद करा, नाहीतर अर्धवट लिहिलेली फाइल उचलली जाते. एसक्यूएल सर्व्हर हे डेटाबेस सॉफ्टवेअर वापरत असाल, तर त्यातला डेटाबेस त्याच्याच बॅकअप आदेशाने आधी फाइलीत काढून घ्या. मग रोबोकॉपी या विंडोजमधल्याच कॉपीच्या आदेशाने तारखेच्या नावाच्या नव्या फोल्डरात प्रत करा. ‘मिरर’ पर्याय टाळा: मूळ जागी चुकून पुसलेलं तो प्रतीतूनही पुसतो. रोबोकॉपीने शेवटी निकालाचा आकडा १ दिला तर घाबरू नका, फाइली नीट गेल्या. ८ किंवा त्याहून मोठा आकडा म्हणजे काहीतरी राहिलं. काम संपलं की डिस्क काढून ठेवा, कारण जोडलेली डिस्क फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरच्याही हाताला लागते.

खंडेनवमीला सर्व्हरला हार घालावा, पण हाराने डिस्क टिकत नाही आणि पडद्यावरच्या ‘बॅकअप झाला’ या हिरव्या खुणेने प्रत उघडत नाही. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उतरवा, टॅली उघडा आणि प्रतीच्या तारखेचा ताळेबंद छापील कागदाशी जुळवा.