पडझडीचा अंदाज: कापसाच्या भावापासून संगणकातल्या बाजारापर्यंत

फ्रेंच गणितज्ञ लुई बाशेलिये याने १९०० साली पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात बाजारातल्या भावांची चाल नाणेफेकीसारखी मानली होती. या हिशेबात लहान चढउतार रोजचे, पण प्रचंड घसरण जवळजवळ अशक्य. आयबीएममधल्या गणितज्ञ बेन्वा मांडेलब्रो याने १९६३ साली कापसाच्या जुन्या भावांवर हा हिशेब ताडून पाहिला, तर मोठे हेलकावे कितीतरी जास्त वेळा आलेले निघाले. तरीही वापरात राहिलं ते सोपं गणितच.

१९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकी शेअर बाजाराचा निर्देशांक डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला. अनेक मोठ्या फंडांनी तेव्हा ‘पोर्टफोलिओ इन्शुरन्स’ वापरला होता: निर्देशांक उतरला की संगणकाच्या सूत्राप्रमाणे फ्युचर्स (आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला करायचे सौदे) विकायचे. एकट्या फंडापुरतं हे ठीक होतं. पण भाव पडला म्हणून सगळ्यांनी विकलं, विकलं म्हणून भाव आणखी पडला, आणि समोर घेणारेच उरले नाहीत. पडझडीचा अंदाज घेणाऱ्या मॉडेलांची खरी सुरुवात मला इथे दिसते. बाजार आतूनच डळमळू शकतो, हे त्या दिवशी उघड झालं.

पुढे अमेरिकेतल्या सांता फे इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत ब्रायन आर्थर, जॉन हॉलंड आणि सहकाऱ्यांनी संगणकातच शेअर बाजार उभा केला. प्रत्येक आभासी व्यापाऱ्याकडे अंदाजाचे स्वतःचे नियम. फसलेला नियम टाकायचा, नवा घ्यायचा. हे शिकणं सावकाश चाललं की भाव शेअरच्या मूळ किमतीजवळ राहत. ते भराभर होऊ लागलं की भाव मूळ किमतीच्या खूप वर चढून फुगे येत आणि फुटत. तेही बाहेरून एकही वाईट बातमी न देता!

झुरिकमध्ये संशोधक दिदिए सोर्नेट यांनी वेगळी वाट धरली: खऱ्या बाजारातले फुगे मॉडेलने आधीच ओळखायचे. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या गटाने फुग्यांचे अंदाज सीलबंद करून ठेवले आणि मे २०१० मध्ये उघडले, म्हणजे मागाहून कोणाला बदलता येऊ नयेत. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. पण त्याच महिन्यात, ६ तारखेला, अमेरिकेचा बाजार काही मिनिटांत गडगडला; अ‍ॅक्सेंचरच्या शेअरचे काही सौदे एका सेंटला झाले. महिन्यांच्या हिशेबाने फुगा शोधणाऱ्या मॉडेलला अशी घसरण दिसणार कशी? मुंबईतही ५ ऑक्टोबर २०१२ ला सुमारे ६५० कोटींच्या चुकीच्या विक्रीने निफ्टी क्षणात ९०० अंशांच्या आसपास कोसळला आणि एनएसईवरचे व्यवहार १५ मिनिटं थांबले.

पडझडीची तारीख सांगणाऱ्या मॉडेलपेक्षा, किती विक्री आली की घेणारे संपतील हे तपासणारी मॉडेलं मला आज जास्त गरजेची वाटतात.